पुस्तकातल्या माणसाचा ओटा

आर्किटेक्चर कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात तिला सगळे 'टेप' म्हणायचे. टेप म्हणजे मोजायची. ती कायम तिच्या जीन्सच्या खिशाला अडकवलेली असे आणि समोर काहीही आलं की बाहेर निघे. कँटीनचं टेबल, बसथांब्याचा बाक, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, मैत्रिणीच्या घरचं न्हाणीघर, काही म्हणजे काही सुटत नसे. एकदा एका दूरच्या काकांना शेवटचं भेटून घ्यावं म्हणून सगळं घर हॉस्पिटलात जमलं होतं, तेव्हा ही त्यांच्या खाटेची लांबी मोजताना सापडली. काका पुढे ठणठणीत बरे झाले, पण ती घरी आली की अजूनही पाय पोटाशी घेऊन बसतात.

मुलगी हुशार होती, कष्टाळू होती आणि डिझाइनच्या विषयात एकदा नापास झालेली होती. यात काही विचित्र आहे असं ज्याला वाटेल, त्याने आर्किटेक्चर कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तिने काढलेल्या इमारतीत दारं उघडत, पावसाचं पाणी बाहेर जाई, जिना चढणाऱ्याचं डोकं आपटत नसे. घोडं अडायचं ते ज्युरीच्या वेळी. ज्युरी म्हणजे भिंतीवर आपली ड्रॉइंग लावून परीक्षकांपुढे उभं राहायचं आणि आपली इमारत काय म्हणते ते सांगायचं. टेपच्या इमारती काही म्हणत नसत. त्या नुसत्या उभ्या असत.

गेल्या वर्षी वाचनालयाचं डिझाइन होतं. सरांनी विचारलं, "ही वास्तू काय सांगू पाहते?"

"पुस्तकं ठेवायला जागा आहे सर, आणि बसून वाचायला उजेड आहे," टेप म्हणाली.

सरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी डॉक्टरमंडळी हाताबाहेर गेलेल्या पेशंटकडे पाहतात. तिच्यानंतर नंबर होता तिच्याच वर्गातल्या एका मुलाचा. त्याला 'खोडरबर' म्हणत, कारण त्याची अर्धी शीट पुसण्यातच जायची. हा पठ्ठ्या आख्ख्या वाचनालयात एकही संडास काढायला विसरला होता. परीक्षकांनी बोट ठेवताच तो क्षणभर गडबडला आणि मग देहाच्या गरजांपासून मुक्त झालेल्या वाचकाबद्दल जे बोलत सुटला, की परीक्षकांनी माना डोलावल्या. त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. टेप नापास झाली.

डिझाइनच्या सरांना मुलं 'अवकाश सर' म्हणायची. खोली, गच्ची, बोळ, पार्किंग हे शब्द त्यांनी कधीच टाकून दिले होते. त्यांच्या जगात फक्त अवकाश होता. तो कधी बंदिस्त असे, कधी प्रवाही, आणि फीच्या खिडकीपाशी संवादी. माणूस मनाने वाईट नव्हता. त्यांनी स्वतः बांधलेली एकमेव इमारत गळायची, पण ती गळण्यावर त्यांचा एक सुंदर लेख होता.

तर तो विषय डोक्यावर घेऊनच टेप तिसऱ्या वर्षात आली होती, पण यंदा ती सवलत नव्हती. पुन्हा नापास झाली तर बरोबरची मुलं पुढे जाणार आणि हिचं अख्खं वर्ष पाण्यात. बाबांनी तर आधीच हात टेकले होते. ते घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे घेत. त्यांचा साधा सवाल होता, "घर गवंडी बांधतो, रंग रंगारी देतो, नळ प्लंबर बसवतो. मग तुम्हाला इतकी वर्षं शिकवतात तरी काय?" टेपकडे याला उत्तर नसे. खरं सांगायचं तर कॉलेजकडेही नव्हतं.

आईचं तसं नव्हतं. आई एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. उंची बेताची, 'बेताची' म्हणणं हासुद्धा तिचा मान राखणंच झालं. मुलांच्या रांगेत उभी राहिली की मुख्याध्यापकांना ती शोधावी लागे, आणि तिच्या वर्गातला फळा वरून अर्धा कायम कोरा असे. आवाज मात्र असा, की तिने एकाला दटावलं तर शेजारच्या वर्गातली मुलंही हाताची घडी घालून बसत. या आवाजात तिने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी यंदा पास होणार म्हणजे होणार. मुलीवर तिचा एवढा विश्वास होता, की मुलीला त्याची भीती वाटायची.

त्या वर्षी कॉलेजात एक नवंच खूळ निघालं. प्रत्येकाने खऱ्या माणसासाठी खरोखरचं काहीतरी बांधायचं, आणि ते वापरात असताना परीक्षक येऊन बघणार. खोडरबरने कॉलेजच्या वॉचमनसाठी बाक केला. तो बाक संवादासाठी होता, म्हणून त्याची बैठक मधूनच उतरती होती. वॉचमन त्याच्यावर छत्री वाळत घालायचा. आणखी एका मुलीने आजोबांसाठी शांततेचं दालन बांधलं. त्याला दार इतकं सूचक होतं, की आजोबांना ते आतून सापडेना.

टेपने आईचं स्वयंपाकघर निवडलं. ते होतंच तसं. घराच्या मागच्या कोपऱ्यात कोंबलेलं, भर दुपारी दिवा लावावा लागे. ओटा आधीच्या घरमालकाने विटा रचून त्यावर फरशी टाकून केलेला, बुटका आणि एका अंगाला कललेला. बटाटा ठेवला की तो ठरलेल्या वाटेने गडगडत सिंकमध्ये जाई. आईने त्या अंधारात टेपच्या जन्माआधीपासून स्वयंपाक केला होता. तिला एक खिडकी मिळाली असती तरी ती धन्य झाली असती.

टेपने मोजायला घेतलं. भिंती मोजल्या, डबे मोजले, सगळ्यांत मोठ्या पातेल्याचं झाकण मोजलं, फ्रिजचं दार उघडल्यावर किती जागा खातं ते मोजलं. आई हौसेने मध्ये मध्ये लुडबुडत होती.

"आई, तू जरा बाहेर हो ना. सारखी मध्ये येतेस. मला माप घ्यायचंय."

"बरं बाई," म्हणून आई पुढच्या खोलीत जाऊन बसली आणि मोजणी संपेपर्यंत चहाचं नावही काढलं नाही.

आता ओट्याची उंची. ती मोजायची नसते, ती ठरलेली असते. कॉलेजच्या लायब्ररीत मापांचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकात एक माणूस राहायचा. उंच, सडपातळ, पोट नसलेला, चेहरा नसलेला. त्याचा एक हात कायम वर, दुसरा पुढे. पानोपानी तो कुठेतरी बसे, उठे, दार उघडे, भांडी घासे. पण त्याला घाम येत नसे, त्याची कंबर दुखत नसे आणि कडेवर कधी मूल नसे. त्याला एक बायको होती. ती म्हणजे तोच, फक्त केस लावलेला, आणि तिच्या मापांच्या जागी 'वरीलप्रमाणे' असं लिहिलेलं होतं. आर्किटेक्चरची पोरं पाच वर्षं या एका माणसासाठी घरं, दवाखाने, शाळा आणि स्मशानं काढतात. तो प्रत्यक्षात भेटला तर विचारावंसं वाटतं, की बाबा रे, एवढ्या सगळ्या घरांचं तू करतोस तरी काय?

टेपने पुस्तक उघडलं, ओट्याचा आकडा बघितला आणि ड्रॉइंगवर उतरवला.

अवकाश सरांना डिझाइन आवडलं. खिडकी मोठी होती, उजेड थेट ओट्यावर पडत होता. अडलं ते फक्त नावावर.

"शीर्षक काय?"

"स्वयंपाकघर, सर."

"ते शीर्षक नाही, ती वस्तुस्थिती आहे," सर कळवळून म्हणाले. "वस्तुस्थितीच्या पलीकडे जा."

टेप पलीकडे गेली आणि 'उजेडाशी संवाद' असं नाव घेऊन परत आली. घरी आईने ते वाचलं. "उजेडाशी कशाला? कधी माझ्याशीही बोलत जा थोडं," ती म्हणाली. पण टेपच्या डोक्यात शीटचे रंग चालले होते.

आईच्या शाळेला सुटी लागली तेव्हा गवंडी आला. त्याने नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि म्हणाला, "कागदावर आहे तसं करतो. नंतर माझ्या नावाने ओरडायचं नाही." काम त्याने खरोखर कागदाबरहुकूम केलं. खिडकी उघडल्याच्या दिवशी स्वयंपाकघरात असा लख्ख उजेड आला, की आई दारातच थबकली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने चहा ठेवला. पातेल्यात डोकवायला तिला मान उंच करावी लागली. तिने ती केली आणि म्हणाली, "छान झालंय गं. अगदी छान."

त्या दिवसापासून आईने घरात जाड तळाच्या चपला घालायला सुरुवात केली. फरशी गार लागते, म्हणाली. भाजी ती जेवणाच्या टेबलावर बसून चिरू लागली. वयाप्रमाणे बसून बरं वाटतं, म्हणाली. मग एक प्लास्टिकचं बुटकं स्टूल आलं. वरच्या फळीचं काही काढायचं असेल तर बाबांना हाक जाऊ लागली. संध्याकाळी आईच्या खांद्याला मलम चोळताना बाबांनी तोंड उघडलंच, "अगं, तिला सांगून टाक की. ओटा छातीशी येतोय तुझ्या."

"गप्प बसा तुम्ही. परीक्षा होऊ दे तिची," आई म्हणाली. बाबा पुन्हा मलम चोळू लागले. आणि जगातली प्रत्येक वस्तू मोजणाऱ्या त्या मुलीला यातलं काही म्हणजे काही दिसलं नाही. ती शेजारच्या खोलीत खिडकीतून येणाऱ्या उजेडाचे बाण काढत बसली होती.

तपासणी म्हणजे काय हे आईला शाळेमुळे चांगलं ठाऊक होतं. साहेब येणार म्हटलं की फुटका बाक कुठे लपवायचा, कुठल्या मुलाला पुढे बसवायचं आणि कुठल्याला पाणी आणायला पाठवायचं, यात तिचा हात कोणी धरला नसता. परीक्षक यायच्या दिवशी तिने चपला काढून पलंगाखाली सरकवल्या, स्टूल खालच्या कपाटात पिठाच्या डब्यामागे कोंबलं, आणि उत्तरं पाठ करून ठेवली.

अवकाश सर आले, बरोबर बाहेरच्या कॉलेजातले एक परीक्षक. दोघांचेही कपडे काळे, चष्मे गोल, आणि दोघेही दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच. ते बराच वेळ खिडकीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. मग बाहेरच्या परीक्षकांनी भिंतीला तळवा लावून डोळे मिटले.

"तुम्हाला ही भिंत काही म्हणते का?" त्यांनी आईला विचारलं.

"नाही हो," आई म्हणाली, "रंग वाळलाय तिचा."

टेपने कपाळाला हात लावला. पण परीक्षकांना ते उत्तर फार खोल वाटलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

"अवकाश वापरताना समाधान आहे?" सरांनी विचारलं.

"खूप समाधान आहे," आईने धडाधड म्हणून दाखवलं. "उजेड भरपूर आहे. हवा खेळती आहे. हाताशी सगळं आहे. मुलीने माझा पूर्ण विचार केला आहे."

सरांनी टेपकडे पाहून चक्क स्मित केलं. सुटलो, तिला वाटलं, एकदाचे सुटलो.

"एक फोटो घेऊ, काम चालू असतानाचा," बाहेरचे परीक्षक म्हणाले. "काहीतरी मळा ना. पीठ वगैरे. उजेडात हात छान दिसतील." आणि टेपला म्हणाले, "तू फ्रेममध्ये येतेस. खाली बस जरा."

टेप ओट्याच्या बाजूला फरशीवर उकिडवी बसली. वर आई पीठ मळू लागली. परीक्षकांनी कॅमेरा लावला, हातांवर, उजेडावर, पिठाच्या पांढऱ्या धुरळ्यावर. "वा," म्हणाले, "वा वा." खाली टेपच्या नाकासमोर आईचे पाय होते. टाचा उचललेल्या, चवडे रुतलेले, पिंढऱ्या थरथरत होत्या. आईचा सगळा जीव पायांच्या बोटांवर उभा होता आणि वर ती परीक्षकांकडे बघून हसत होती. पिठाला जोर लावायला तिला कोपरं कानापर्यंत न्यावी लागत होती. जोर काही लागत नव्हता. पीठ नुसतं ताटात फिरत होतं.

टेपला एकदम सगळं दिसलं. चपला, स्टूल, टेबलावरची भाजी, मलमाचा वास. माप घ्यायला आपण आईला बाहेर घालवलं होतं, तेही. शहाण्या माणसाने अशा वेळी दातांखाली जीभ धरली असती. पण तिला इतकी लाज वाटली, की शहाणपण सुचायला वेळच मिळाला नाही. ती उठून उभी राहिली, थेट फ्रेमच्या मधोमध.

"सर, ओटा उंच झालाय."

"काही उंच नाही!" आई वर्गात ओरडते तशी ओरडली.

अवकाश सरांनी भुवया उंचावल्या. तिच्याच खिशातली टेप मागून घेऊन त्यांनी ओटा मोजला आणि ड्रॉइंगशी ताडून पाहिला. "बरोबर आहे की. पुस्तकाप्रमाणे तंतोतंत." ते स्वतः ओट्याशी उभे राहिले, हात टेकवून पाहिले. बाहेरचे परीक्षकही उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच ते ओट्याशी उभे असावेत. दोघांनाही तो अगदी मापात बसला.

"ओटा उत्तम आहे," बाहेरच्या परीक्षकांनी निकाल दिला. "यूजर प्रमाणापेक्षा थोड्या कमी आहेत, एवढंच."

"हो ना," आई घाईने म्हणाली, "चूक माझीच आहे. मी लहानपणापासून अशीच आहे."

"झालं तर मग. चल, तू काही बोललीच नाहीस असं धरतो आम्ही," अवकाश सर मायेने म्हणाले. माणूस खरंच वाईट नव्हता.

आईने टेपकडे डोळे वटारून पाहिलं. टेपने एकदा त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि एकदा खाली. आई अजूनही चवड्यांवरच उभी होती.

"नाही सर. चूक माझी आहे. मी डबे मोजले, झाकणं मोजली, पण आईला मोजलंच नाही. हे डिझाइन चुकलंय."

परीक्षकांची पंचाईत झाली. इमारत गळते, हलते, कोसळते या सगळ्यावर त्यांच्याकडे शब्द होते. पण आपलं चुकलं असं एखाद्या आर्किटेक्टने तोंडाने म्हटल्याचं दोघांनाही आठवेना, आणि त्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे हेही कळेना. डिझाइन चुकलं असं डिझाइन करणारीच म्हणत असेल, तर ते पास तरी कसं करायचं? दोघे बाजूला जाऊन कुजबुजले. मग अवकाश सर परत आले, खूप हळू आवाजात "पुढच्या वर्षी पुन्हा कर" म्हणाले, आणि जाताना नेमके त्या उजेडाकडे बघत गेले.

दार बंद होताच आईचा तोंडाचा पट्टा सुटला. तो संध्याकाळी चालू होता, दुसऱ्या दिवशी चालू होता आणि गवंडी ओटा फोडत होता तेव्हा हातोड्याच्या वर ऐकू येत होता. "निकाल लागेपर्यंत दम नव्हता तुला? मग तोडायचा होतास की ओटा! मी कुठे पळून चालले होते? एवढी मी उत्तरं पाठ केली! शाळेत काय तोंड दाखवू आता?" गवंडी मान खाली घालून फोडत राहिला, त्याला वाटलं, हे सगळं त्यालाच चाललंय. आणि आईचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, म्हणून टेपने खिशातली टेप बाहेर काढली.

"आई, इथे उभी राहा."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"माझं कसलं आलंय माप?" आई म्हणाली, आणि एकदम बुजली. रागावण्याच्या भरात तिने केस नीट केले आणि भिंतीला पाठ लावून फोटोला राहतात तशी ताठ उभी राहिली.

"ताठ नको. रोजच्यासारखी राहा. कोपर वाकव." टेपने जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली, पुन्हा धरली. हात वर करून कुठपर्यंत पोचतो ते बघितलं. आई गप्प झाली होती. तेवढाच वेळ काय ती गप्प होती.

"तुझं वर्ष गेलं गं," ती शेवटी म्हणाली.

"गेलं."

"माझ्यापायी."

"पुस्तकातल्या माणसापायी," टेप म्हणाली. तो माणूस कोण हे आईला कळलं नाही, पण तिने त्यालाही दोन शब्द सुनावले.

नवा ओटा वाळला तेव्हा आईने पहिलं काम पीठ मळायचं काढलं. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, खांदे सैल सोडून, सगळं वजन तळव्यांवर घालून. पीठ बघता बघता मऊ झालं, आणि तेवढ्या वेळात तिने मुलीला अशी काही फैलावर घेतली, की इतक्या दिवसांचं रागावणं नुसती तालीम वाटावं. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता कसा आवाज लागला." टेप ओट्याला टेकून उभी होती. ओटा तिला चांगलाच बुटका पडत होता. वाकल्यामुळे कंबर भरून आली, तरी ती तशीच उभी राहिली आणि आईची बोलणी शेवटपर्यंत ऐकून घेतली.